आरक्षण खरे होते, रद्दही खरेच झाले

लेखा विभागातील ३१ वर्षांच्या नोकरीत मी इतरांची व्हाउचरे तपासत आलो. बिलावर सही कोणाची आहे, रक्कम अक्षरी आणि अंकी जुळते का, शिक्का कोणत्या तारखेचा आहे, हे पाहिल्याशिवाय कागद पुढे जाऊ द्यायचा नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. असे असताना हॉटेलच्या एका व्हाउचरवर मी डोळे मिटून २ लाख ३२ हजार रुपये मोजले. हे लिहिताना संकोच वाटतो. पण आमच्याच ओळखीतली आणखी दोन कुटुंबे ते व्हाउचर देणाऱ्याच माणसाकडे चौकशी करत असल्याचे कानावर आले, म्हणून घडले ते जसेच्या तसे मांडतो.

२०२४ च्या दिवाळीनंतर मी, पत्नी, थोरली बहीण आणि मेहुणे अशा चौघांनी व्हिएतनामला जायचे ठरवले होते. पाच रात्रींपैकी चार हनोईत आणि एक ‘हा लाँग’ नावाच्या उपसागरात बोटीवर, असा आटोपशीर बेत होता. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, नोव्हेंबरात तिकडची हवा कोरडी आणि सुखद असते, आणि बहिणीच्या गुडघ्यांना झेपेल इतकेच चालणे होते. सहल ठरवून देणारा तरुण आमच्या शेजाऱ्यांच्या ओळखीचा होता. डोंबिवलीत स्टेशनजवळ त्याचे लहानसे कार्यालय होते. भिंतीवर जगाचा नकाशा, टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती, आणि प्रत्येक वाक्याआधी ‘काका’. माणशी ५८ हजार रुपयांत विमान, व्हिसा, हॉटेल, बोट आणि विमानतळावरून ने-आण असे सगळे आले होते.

पहिली चूक इथेच झाली आणि ती माझी होती. परदेशी सहलीचे पॅकेज विकणाऱ्याला ग्राहकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आगाऊ प्राप्तिकर, घ्यावा लागतो. त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या पॅकेजवर तो पाच टक्के होता, म्हणजे आमच्या रकमेवर ११,६०० रुपये. ही रक्कम बुडत नाही. ती आपल्या पॅन क्रमांकावर जमा होते, प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक करपत्रकात दिसते आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळती करून घेता येते. हे मला पक्के ठाऊक होते. तरीही तो जेव्हा म्हणाला, “काका, टीसीएस लागणार नाही अशी सोय करतो, उगाच कशाला पैसे अडकवता?” तेव्हा मी मान डोलावली. त्याने पॅन कार्ड मागितलेच नाही. ज्या विक्रेत्याला ग्राहकाचा पॅन नको आहे, त्याला ती विक्री कुठेही नोंदवायची नाही, एवढा साधा हिशेब मला त्या दिवशी सुचला नाही, कारण त्यात माझेही ११,६०० वाचत होते. पैसे भरतानाही तेच झाले. तीन हप्त्यांपैकी पहिला त्याच्या संस्थेच्या खात्यात गेला आणि उरलेले दोन यूपीआयने दोन वेगवेगळ्या व्यक्तींच्या नावांवर. विचारले तेव्हा ‘बँकेची मर्यादा’ हे उत्तर मिळाले आणि ते मी ऐकून घेतले.

मी अगदीच आंधळेपणाने वागलो असेही नाही, आणि इतरांनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट हीच आहे. सप्टेंबरात त्याने हॉटेलचे व्हाउचर पाठवले तेव्हा मी थेट हनोईच्या हॉटेलला ईमेल लिहिला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले की तुमच्या नावावर १० नोव्हेंबरपासून दोन खोल्या राखून ठेवलेल्या आहेत. ते उत्तर मी छापून फायलीत लावले आणि मेहुण्यांना मोठ्या अभिमानाने दाखवले. व्हिसाही खरा निघाला. व्हिएतनामच्या सरकारी संकेतस्थळावर एकदाच प्रवेशाचा ई-व्हिसा २५ डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे २,१०० रुपयांना मिळतो. आमच्या पॅकेजमध्ये त्यापोटी माणशी साडेपाच हजार धरले होते, हे पुढे कळले. पण त्याला फसवणूक म्हणत नाही; स्वतः अर्ज भरायचा कंटाळा केला, त्याची ती किंमत होती.

ऑक्टोबरात त्याचा फोन आला. ७ सप्टेंबरला उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यावर यागी वादळ धडकले होते आणि हा लाँगच्या परिसरात बोटींचे मोठे नुकसान झाले होते, ही बातमी आम्हीही वाचली होती. तिचा आधार घेऊन तो म्हणाला की आपली बोट दुरुस्तीला गेली आहे, त्याच दर्जाची दुसरी देतो, नाव हनोईला पोचल्यावर कळवतो. कारण खरे होते, म्हणून त्यामागचे वाक्यही खरे वाटले. ४ नोव्हेंबरला शेवटचे ८२ हजार त्याला मिळाले.

१० तारखेला सकाळी साडेसहाला आम्ही हनोईच्या नोई बाई विमानतळावर उतरलो. बाहेर नावांच्या पाट्या घेऊन पुष्कळ माणसे उभी होती; आमच्या नावाची पाटी नव्हती. भारतात तेव्हा पाच वाजले होते, त्यामुळे फोन उचलला गेला नाही तेव्हा नवल वाटले नाही. पाऊण तास वाट पाहून ‘ग्रॅब’ या अॅपवरून मोठी टॅक्सी केली. रविवार होता. होआन किएम तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत वाहनांना बंद असतात, त्यामुळे चालकाने अडथळ्यापाशी उतरवले आणि उरलेली वाट चाकांच्या बॅगा ओढत पायी झाली.

हॉटेलच्या टेबलामागच्या मुलीने चारही पासपोर्ट घेतले. तिकडे परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते, म्हणून पासपोर्ट आधी द्यावाच लागतो. तिने ते नीट एकावर एक रचले, संगणकात पाहिले, पुन्हा पाहिले, आणि मग एकेक पासपोर्ट उचलून आमच्यासमोर मांडला, पत्ते वाटावेत तसा. आरक्षण होते, पण ते ६ नोव्हेंबरला रद्द झाले आहे, असे तिने सांगितले.

सव्वानऊला त्या तरुणाचा फोन लागला. त्याचे उत्तर तयार होते. “काका, तुम्ही चुकीच्या हॉटेलात गेलात. हनोईत एका नावाची पाच-पाच हॉटेले असतात, डुप्लिकेट. ते असेच सांगणार. तुम्ही आपले खरे हॉटेल शोधा.” आता गंमत अशी की हनोईतल्या सारख्या नावांच्या हॉटेलांबद्दल मी स्वतः वाचले होते. ‘रॉयल’, ‘सेंट्रल’, ‘ओल्ड क्वार्टर’ असे शब्द उलटसुलट जोडून तिथे खरोखरच फसवी नावे लावली जातात आणि टॅक्सीवाले प्रवाशांना भलत्याच दारात नेऊन सोडतात. माझ्या वहीत ते अधोरेखित केलेले होते. त्यामुळे समोर खरे सांगणाऱ्या त्या मुलीवर अविश्वास दाखवून, तिच्याकडे संशयाने पाहत, आम्ही बॅगा घेऊन बाहेर पडलो.

जुन्या हनोईत एकच सरळ रस्ता दर थोड्या अंतराने नाव बदलतो. हांग दाओ पुढे हांग न्गांग होतो आणि त्यापुढे हांग दुओंग. पदपथावर दुचाकी लावलेल्या, त्यांच्या मधल्या जागेत वीतभर उंचीच्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून लोक ‘फो’चे, म्हणजे नूडल्सच्या सूपचे, वाडगे संपवत होते, आणि आम्ही चौघे साठीच्या पुढची माणसे रस्त्याच्या मधून बॅगा ओढत आपले ‘खरे’ हॉटेल शोधत होतो. जवळजवळ त्याच नावाची दोन हॉटेले सापडलीही. दोन्हीकडे आमचे नाव नव्हते. तासाभराने बहीण एका दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, “आता मला इथून कोणी उठवू नका.” मेहुणे काहीच बोलले नाहीत, ते मला जास्त लागले.

आम्ही पहिल्याच हॉटेलात परतलो. त्या मुलीने आधी पाणी दिले आणि मग संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. आरक्षण १८ सप्टेंबरला एका मोठ्या संकेतस्थळावरून झालेले होते. रक्कम हॉटेलात पोचल्यावर देय होती. ८ नोव्हेंबरपर्यंत फुकट रद्द करण्याची मुभा होती. आणि ६ तारखेला, म्हणजे आमचे शेवटचे पैसे पोचल्यावर दोन दिवसांनी, ते रद्द झाले. त्या तरुणाच्या खिशातून एक डोंगही (डोंग हे तिकडचे चलन) गेला नव्हता. मी माझे व्हाउचर शेजारी धरले तेव्हा फरक दिसला. आरक्षण क्रमांक तोच होता, पण त्याखालचा पिन, म्हणजे आरक्षण उघडून पाहण्याचा गुप्त आकडा, कापलेला होता, ‘रक्कम हॉटेलात द्यावी’ ही ओळ गायब होती आणि तिथे त्याच्या संस्थेचे चिन्ह आणि ‘पेड’ असा शिक्का होता. मी सप्टेंबरात केलेली चौकशी खरी होती आणि हॉटेलचे उत्तरही खरे होते. मी प्रश्न अर्धा विचारला होता, आणि दोन महिने आधी विचारला होता. खोल्या राखल्या आहेत का, हे विचारले; पैसे भरलेले आहेत का, हे विचारलेच नाही.

त्या मुलीने दोन खोल्या दिल्या. चार रात्रींचे ९६ लाख डोंग, म्हणजे सुमारे ३२ हजार रुपये झाले. बोटीवरची रात्र अर्थातच नव्हती. त्याऐवजी हनोईहून एका दिवसात हा लाँग पाहून परत येण्याची सहल चौघांत सुमारे १५ हजारांना केली आणि उरलेली रात्रही त्याच हॉटेलात काढली. खडकांची ती बेटे सुंदर आहेत. मी त्यांच्याकडे पाहताना बेरजा करत होतो.

परतल्यावर कार्यालय बंद होते. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. पण पैसे नुकतेच गेले असतील तर ते वाटेत गोठवण्यासाठी त्याचा खरा उपयोग, आणि आमचे पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते. पोलिसांनी अदखलपात्र नोंद करून, व्यवहार दिवाणी स्वरूपाचा दिसतो, असे सांगितले. मग ग्राहक आयोगाची वाट धरली. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आपण मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्यास शुल्क नाही, आणि अर्ज ऑनलाइन जातो. तिथे सर्वांत उपयोगी पडतो आहे तो हॉटेलने माझ्या विनंतीवरून लिहून दिलेला ईमेल, ज्यात आरक्षणाची आणि रद्द केल्याची तारीख, वेळ आणि देय रक्कम आहे. हनोई सोडण्यापूर्वी तो मागून घेतला, एवढे एक शहाणपण उशिरा का होईना सुचले.

पुढच्या सहलीचे आरक्षण कोणाहीकडून करा, पण ते तुमच्या ईमेलवर, पिनसह, मूळ संकेतस्थळाकडून थेट आलेले असू द्या. कोणी त्यावर आपले चिन्ह लावून पाठवले तर मूळ मागा. हॉटेलला दोनदा लिहा: एकदा आरक्षणानंतर, आणि दुसऱ्यांदा फुकट रद्द करण्याची मुदत उलटल्यावर. दोन्ही वेळा विचारायचे ते हे की पैसे मिळाले का, कोणाकडून मिळाले आणि आता हे आरक्षण रद्द झाले तर ते परत कोणाला जातील. शेवटचा हप्ता त्या दुसऱ्या उत्तरानंतर द्या. आणि टीसीएस भरा.

तक्रारीच्या दोन तारखा झाल्या आहेत, समोरून कोणीही आलेले नाही. मागच्या आठवड्यात शेजाऱ्यांनी त्यांच्या मोबाइलवर आलेला एक संदेश दाखवला. क्रमांक नवा होता, संस्थेचे नाव नवे होते, बुद्धाची ती छोटी मूर्ती मात्र छायाचित्रात मागे दिसत होती. बाली, पाच रात्री, माणशी ६१ हजार, आणि खाली ठळक अक्षरांत: टीसीएस नाही.