आई गेली त्या सकाळी ४७,४७९ रुपयांना गंडलो

लिहू की नको करत होतो, लाज वाटते. पण आखातात असलेली आपली सोलापूरची पोरं लई आहेत आणि घरचं माणूस गेल्याचा फोन कधी ना कधी प्रत्येकाला येतोच, म्हणून लिहितोय.

मी दुबईत. मे महिन्यात पहाटे तिथले पाच वाजले असतील, धाकट्या भावाचा फोन, "दादा, आई गेली." २ जूनचं मुंबईचं तिकीट आधीच काढलेलं होतं, तेच आजच्यावर करून घ्यावं एवढंच डोक्यात. एअरलाईनच्या अ‍ॅपवर होईना, कारण तिकीट एजंटकडून काढलेलं. मग गुगलवर कस्टमर केअरचा नंबर टाकला आणि सगळ्यात वर जो आला तो लावला. वर बारीक अक्षरात स्पॉन्सर्ड, म्हणजे जाहिरात, असं लिहिलेलं असतं हो, मला माहितीय. ज्यांना तेव्हा मी का बघितलं नाही असं विचारायचंय त्यांनी आधी आई गेल्यावर अर्ध्या तासात तिकीट काढून दाखवावं.

पोरगा इतका गोड बोलला! "सर, माताजी के लिए बहुत दुख हुआ." पीएनआर घेतला, डेट चेंज फ्री आहे म्हणाला, फक्त भाड्यातला फरक १८,७४० भरा. क्यूआर पाठवला. स्कॅन केला आणि स्क्रीनवर नाव आलं ते एका मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाचं. मी ते नाव वाचलं. नीट वाचलं. एअरलाईनचे पैसे मोबाईलच्या दुकानाला कशाला जातील, हेही मनात येऊन गेलं, आणि तरी पिन टाकला. त्या दोन सेकंदांवर रोज रात्री येऊन अडकतो. मग "पेमेंट फेल दिख रहा है सर", परत १८,७४०. मग सीट होल्ड करायला ९,९९९, रिफंडेबल म्हणे. तिकिटाची पीडीएफ पण आली, लोगोसकट.

एअरपोर्टवर काउंटरवाली म्हणाली, तुमचं तिकीट २ जूनचंच आहे. सकाळी दहाचं विमान फुल्ल. रात्री दहाच्या विमानात सीट मिळाली, १,३४० दिरहम, म्हणजे ३१ हजारांच्या आसपास. मुंबईतून टॅक्सी ९,५००. इकडं घरी रात्रभर लाईट येत-जात होती, शीतशवपेटी बंद पडायला लागली, मेचं ऊन तुम्हाला माहितीच. इंदापूरच्या पुढं होतो तेव्हा भावाचा फोन, "दादा, काका लोक थांबत नाहीत, निघतोय आम्ही." थोरला मी, अग्नी त्यानं दिला. मी सोलापूरच्या मोदी स्मशानभूमीत पोचलो तेव्हा माणसं परत निघालेली. हे पैशात मोजायचं कसं ते मला सांगा.

आता ह्या साहेब लोकांचं ऐका. १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनचा नंबर, तो दुबईच्या फोनवरून लावला, लागलाच नाही. सोलापुरातून चुलतभावानं लावला तर म्हणे खातेदारानं स्वतः बोलायचं. अरे तो विमानात आहे! पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत कळवलं तरच काही अडवता येतं, आणि तेच तास असे गेले. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकला, आमची जबाबदारी नाही. चौथ्या दिवशी मुंडण केलेल्या डोक्यानं पोलीस स्टेशनला गेलो तर "प्रकार दुबईत घडला ना, मग तिकडं तक्रार द्या." खातं सोलापूरच्या शाखेतलं, पैसे इथलेच, तरी. नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ खाली हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, हे एका वकील मित्रानं सांगितलं, तेच तिथं बोललो तर साहेब म्हणाले "मग वकिलालाच घेऊन या." दोन तास बाकावर बसवलं, पाणी विचारलं नाही. शेवटी सायबर क्राईमच्या पोर्टलवरच्या तक्रारीची प्रिंट घेऊन शिक्का दिला. ४७,४७९ पैकी ४,२०० कुठल्यातरी खात्यात गोठवलेत म्हणे, ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा, असं तेव्हा सांगितलं.

नंबर गुगलवरून घेऊच नका, तिकिटावर किंवा एअरलाईनच्या स्वतःच्या साईटवर असतो तो घ्या. पैसे भरताना समोर दुसरंच नाव दिसलं की फोन कट, कितीही घाई असू दे. प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर लगेच लिहून ठेवा, तो नसला तर कोणी बोलतसुद्धा नाही. आणि असल्या वेळी तिकीट स्वतः काढूच नका, रूममेटला सांगा, शुद्धीवर असलेल्या कुणालाही सांगा.

तेराव्याच्या दिवशी पानं वाढली होती आणि फोन आला. तोच आवाज. "सर, आपका रिफंड अप्रूव्ह हो गया है, बस एक अ‍ॅप डाउनलोड करना है." हा दुसरा डाव, फोनचा ताबा घेऊन उरलंसुरलं खातं साफ करायचा. मी काय बोललो ते लिहीत नाही, भटजी बघत राहिले. त्याला माझं नाव, पीएनआर, रक्कम सगळं तोंडपाठ होतं. पोलीस स्टेशनला मात्र दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतंय.