नवशिक्यांसाठी योनेक्स मॅव्हिस ३५०: इंदूरला हिरव्या टोपणाचाच डबा घ्या

लोकमान्य नगरात आम्ही दोघी-तिघी संध्याकाळी कॉलनीतल्या मुलांना बॅडमिंटन शिकवतो. नवीन मूल आलं की आई-बाबा रॅकेटची चौकशी सुरू करतात. मी सांगते, रॅकेट हलकी असली की झालं, आधी फूल, म्हणजे शटलकॉक, नीट घ्या. आम्ही योनेक्सचं मॅव्हिस ३५० वापरतो. शिकाऊ हातासाठी नायलॉनमध्ये मला याहून चांगलं काही मिळालेलं नाही.

याचं बूच, म्हणजे रॅकेटला लागणारं गोल टोक, कॉर्कचं आहे. स्वस्तातल्या फुलांना फोमचं असतं, ते रॅकेटवर बद्द लागतं आणि फटका मधोमध बसला की कडेला, हे मुलाला कळतच नाही. इथे नीट बसला की टक्क वाजतं. आठ-नऊ वर्षांची पोरं त्या आवाजावरूनच मनगट सुधारतात, मला ओरडावं लागत नाही.

आता रंगाचं. टोपण आणि बुचावरची पट्टी हिरवी असेल तर फूल संथ, निळी असेल तर मध्यम, लाल असेल तर वेगवान. गरम हवा विरळ असते, फुलाला कमी अडवते, म्हणून उन्हाळ्यात तेच फूल लांब जातं. त्यात इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणजे हवा आणखी विरळ, म्हणून इथे संथ हिरवंच बरं. एका दुकानदाराने ‘लाल मतलब फास्ट, यही ले जाओ’ म्हणून आमच्या पालकांच्या गळ्यात लाल डबे मारले. भर मे महिन्यात चांगले टोलेसुद्धा रेषेबाहेर जायला लागले आणि मुलं हात आखडून खेळू लागली. ती सवय मोडताना नाकी नऊ येतात, म्हणून हे इतकं पोटतिडकीनं लिहितेय.

फूल तपासायची रीत खेळाच्या नियमांतच आहे. मोठ्या माणसाने मागच्या रेषेवर उभं राहून, बाजूच्या रेषेला समांतर, खालून वर पूर्ण ताकदीने मारायचं. कोर्ट १३.४० मीटर लांब असतं. समोरच्या मागच्या रेषेच्या अलीकडे ५३ ते ९९ सेंटीमीटरच्या पट्ट्यात पडलं तर वेग बरोबर. त्या पट्ट्यात खडूने दोन रेघा मारून ठेवा, मुलं हौसेने बघतात.

टिकाऊपणाला पूर्ण मार्क. पिसांचं फूल नवशिक्यांच्या हातात पाच मिनिटांत फाटतं.

पण नायलॉन ते नायलॉनच. पिसांच्या फुलात १६ पिसं, वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, ते वर जाऊन वेग गमावतं आणि जवळपास सरळ खाली उतरतं. नायलॉनचं पुढे सरकत उतरतं, म्हणून ड्रॉप, म्हणजे जाळीजवळ अलगद टाकायचा फटका, शिकवताना त्रास होतो. जोरकस स्मॅशला नायलॉनची झालर दबते तेही आहेच. शेजारच्या धारचा प्रियांशु राजावत २०२३ मध्ये फ्रान्समधली ऑर्लिन्स मास्टर्स ही बॅडमिंटन स्पर्धा जिंकला, तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येकाला स्मॅशच मारायचाय! मूल मागच्या रेषेवरून समोरच्या मागच्या रेषेपर्यंत टोला पोहोचवू लागलं की आठवड्यातून एखादा दिवस पिसांचं द्या. त्याआधी नको, पैसे वाया.

पिवळं की पांढरं? आमच्या हॉलच्या भिंती फिक्या आहेत, त्यावर पांढरं हरवतं, म्हणून पिवळं. तुमच्याकडे भिंती गडद असतील तर पांढरं खुशाल घ्या.