दहा-बारा वर्षांच्या संगणकाला नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे का?

मालवण-तारकर्लीच्या पट्ट्यात स्कूबा डायव्हिंगचा व्यवसाय करणाऱ्यांना पाण्याखालचे चित्रण त्याच दिवशी कापून-जोडून पाहुण्याच्या हाती द्यावे लागते, आणि नेमका तेव्हाच 2014 च्या सुमारास घेतलेला संगणक अडखळतो. चौथ्या पिढीचा कोअर आय-5, एच-81 चिपसेटचा मदरबोर्ड, 8 जीबी रॅम आणि 2 जीबीचे जीटीएक्स 750 टीआय हे ग्राफिक्स कार्ड, अशा संगणकाचा विचार येथे केला आहे. कार्ड बदलले की काम भागेल, असे दुकानदार सांगतो. ते निम्मेच खरे आहे.

आजचे अॅक्शन कॅमेरे 4के चित्रण बहुधा एचईव्हीसी या दाबून लहान केलेल्या स्वरूपात साठवतात. ते उलगडण्याची पूर्ण यंत्रणा ना या प्रोसेसरमध्ये आहे, ना 750 टीआयमध्ये, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरच्या चार कोअरवर पडतो आणि संपादनाच्या पडद्यावरची टाइमलाइन धक्के खात चालते. हे दुखणे नव्या कार्डाने खरोखर बरे होते. मात्र संगणक सुरू व्हायलाच पाच मिनिटे लागत असतील, तर दोष फिरत्या हार्ड डिस्कचा असतो, आणि तेथे कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त असलेली सॅटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, अधिक उपयोगी पडते. काम अडते त्या क्षणी टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर, डिस्क आणि रॅम यांपैकी काय शंभर टक्क्यांना टेकले आहे ते पाहावे.

कार्डच घ्यायचे ठरले, तर वेगळी वीजजोडणी न मागणारी तीन कार्डे समोर येतात. रेडिऑन आरएक्स 6400 केवळ 53 वॉटचे असल्याने आकर्षक वाटते, पण ते पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या मार्गाच्या, चारच लेन वापरते. एच-81 वर दुसऱ्या आवृत्तीचा स्लॉट असल्यामुळे या कार्डाला सेकंदाला जेमतेम 2 जीबीची वाट मिळते. सोळा लेनच्या कार्डाला त्याच स्लॉटमध्ये 8 जीबीची मिळते. शिवाय तयार चित्रफीत एन्कोड करणारे, म्हणजे दाबून साठवणारे, हार्डवेअर आरएक्स 6400 मध्ये मुळीच नाही. संपादनाच्या कामासाठी ते मी सरळ बाद करतो. 75 वॉटचे, 4 जीबीचे जीटीएक्स 1650 सोळा लेनचे आहे, एचईव्हीसी उलगडते आणि एन्कोडही करते. 70 वॉटचे, 6 जीबीचे आरटीएक्स 3050 त्याहून वेगवान आहे आणि एव्ही-1 या आणखी नव्या स्वरूपातल्या चित्रफितीही उलगडते; त्याला आठ लेन मिळतात, ही उणीव संपादनात फारशी जाणवत नाही. 3050 ची 8 जीबीची आवृत्ती मात्र 130 वॉटची असून तिला वेगळी वीजजोडणी लागते, म्हणून खोक्यावरचा आकडा नीट वाचावा.

स्लॉटमधून मिळणाऱ्या 75 वॉटवर भागणाऱ्या कार्डाचा आग्रह मी किनाऱ्यावर मुद्दाम धरतो. पावसाळ्यात वीज येते-जाते, घरचा यूपीएस बहुधा 600 व्हीएचा असतो आणि खाऱ्या दमट हवेत पॉवर सप्लायचे पिन काळवंडतात. माझ्या संगणकाचा सप्लाय श्रावणात उघडला, तेव्हा आतल्या जोडावर हिरवट थर चढला होता. मोठ्या कार्डाची सहा पिनांची तार मी त्याला लावली असती, तर काय झाले असते ते सांगायला नको. खर्चाच्या हिशेबात नवा सप्लाय धरूनच ठेवावा. जुन्या बायोसवर (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीवर) नवे कार्ड कधीकधी काळा पडदाच दाखवते, म्हणून यूईएफआय या बायोसच्या नव्या पद्धतीची सोय आहे का तेही आधी तपासावे.

आता दुसरा पर्याय, म्हणजे संगणकच नवा घेणे. विंडोज 10 चा सर्वसाधारण पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11, मोजके अपवाद सोडता, अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते. कार्ड कितीही नवे असले तरी यात फरक पडत नाही. मिररलेस कॅमेऱ्यातले 4:2:2 दहा-बिट, म्हणजे रंगांचा अधिक तपशील राखणारे, एचईव्हीसी चित्रण हाताळायचे असेल, तर 1650 आणि 3050 दोन्ही उपयोगाची नाहीत, कारण ते स्वरूप ती हार्डवेअरमध्ये उलगडत नाहीत. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स मात्र ते करते. अशा छायाचित्रकाराने जुन्या संगणकावर एक रुपयाही घालू नये. लग्नाचे साधे 1080पी एच.264 चित्रण जोडणाऱ्याला 750 टीआय अजून पुरते. त्याने रॅम 16 जीबी करावी आणि एसएसडी बसवावी.

अॅक्शन कॅमेऱ्यावरच ज्याचा हंगाम अवलंबून आहे, त्याने 6 जीबीचे 3050 घ्यावे, पण दोन वर्षांत संगणक बदलून तेच कार्ड नव्यात बसवायची तयारी असेल तरच. एरवी पुरेशा कमी भावात मिळणारे वॉरंटीतले 1650 बरे. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याकडून मुंबईहून सेकंडहँड कार्ड मागवायचे झाल्यास, ते त्याने तिकडेच चालवून पाहून आणावे, कारण विसर्जनानंतर तो परत गेला की बदलून आणायला जाणार कोण?