निनावी मेमरीला नाव द्यायचंय: पीआरसीटीएल की मेमएफडी?

लिनक्सवर महिनोन्‌महिने चालणारी मोठी प्रोसेस सांभाळणाऱ्यावर 'प्रॉक'मधली मॅप्स फाईल, म्हणजे प्रोसेसच्या पत्त्यांवर जोडलेल्या मेमरीच्या तुकड्यांची (मॅपिंगची) यादी, उघडायची वेळ येतेच. लायब्ररींची नावं दिसतात, हीप आणि स्टॅक ओळखू येतात, आणि मधे नुसत्या पत्त्यांच्या बिननावाच्या ओळींची रांग लागते. ही निनावी मेमरी, म्हणजे जिच्यामागे कुठलीही फाईल नाही अशी. त्यातली कॅशची कोणती, नेटवर्क बफरची कोणती, अ‍ॅलोकेटरने (प्रोग्रॅमला मेमरी वाटून देणाऱ्या कोडने) आगाऊ घेऊन ठेवलेली कोणती, काही कळत नाही. अशा मॅपिंगला नाव देण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. कर्नेलला पीआरसीटीएल हा कॉल करून असलेल्या व्हीएमएला, म्हणजे पत्त्यांच्या एका सलग पट्ट्याला, नाव चिकटवायचं, किंवा मेमएफडी_क्रिएटने नावासकट एक फाईल मेमरीत तयार करून तीच एममॅप करायची, म्हणजे प्रोसेसच्या पत्त्यांना जोडायची. मी दोन्ही वापरतो. पण तुम्हाला एकच निवडायचा असेल, तर माझा कल कुठे आहे आणि का, ते सांगतो.

सुरुवातीला मेमएफडीचं पारडं जड वाटतं. तो ३.१७ कर्नेलपासून, म्हणजे २०१४ पासून आहे, त्यामुळे जुन्या मशीनवरही सहसा मिळतो. नाव २४९ बाइटपर्यंत चालतं. पीआरसीटीएलची सोय अँड्रॉइडच्या कर्नेलमध्ये बरीच आधीपासून होती, पण मुख्य कर्नेलमध्ये ती २०२२ मध्ये, ५.१७ ला आली. तिथे शेवटच्या शून्यासकट ८० बाइट मिळतात, चौकटी कंस आणि डॉलरसारखी काही चिन्हं चालत नाहीत, आणि कर्नेल बिल्ड करताना तो पर्याय चालू केलेला नसेल तर कॉल सरळ एरर देतो. ही एरर मी दुर्लक्षून पुढे जातो. नाव लागलं नाही तरी मेमरी हातात असतेच. मेमएफडीचा कॉल फसला, उदाहरणार्थ फाईल डिस्क्रिप्टरची (उघड्या फाईलींना मिळणाऱ्या क्रमांकांची) मर्यादा संपली, तर मेमरीच मिळत नाही.

खरा फरक आहे तो नाव कशाला लागतं यात. मेमएफडीत नाव त्या वस्तूचं असतं. ती कुठल्याही प्रोसेसमध्ये मॅप केली तरी नाव तेच. पीआरसीटीएलने दिलेलं नाव एका प्रोसेसच्या पत्त्यांच्या एका पट्ट्याचं असतं. फ्युशियासारख्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हा पेच पडत नाही. तिथे मेमरीचा प्रत्येक तुकडा व्हीएमओ नावाची स्वतंत्र वस्तू असतो आणि ३२ बाइटचं नाव तिलाच जोडता येतं. लिनक्समध्ये साध्या निनावी मेमरीमागे आपल्या हाती लागेल अशी वस्तू नसते. म्हणून मेमएफडीच्या मार्गाने नाव हवं, तर मेमरीची जातच बदलावी लागते: ती निनावी राहत नाही, शेअर्ड मेमरी होते.

आणि इथेच माझं घोडं अडलं. मी सांभाळत असलेल्या एका सर्व्हरमध्ये स्वतःचा अ‍ॅलोकेटर होता. रिकामी झालेली पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) तो एमअ‍ॅडव्हाइज या कॉलच्या 'डोंटनीड' (आता नको) सूचनेने कर्नेलला परत करायचा. खाजगी निनावी मेमरीत ही सूचना दिली की पानं तिथल्या तिथे सुटतात. शेअर्ड मॅपिंगवर तीच सूचना फक्त या प्रोसेसच्या पेज टेबलमधल्या, म्हणजे पत्ता आणि पान यांची सांगड घालणाऱ्या तक्त्यातल्या, नोंदी काढते. पानं फाईलच्या मालकीची म्हणून जागेवरच राहतात. प्रोसेसची आरएसएस (प्रत्यक्ष रॅममध्ये असलेली मेमरी) खाली आलेली दिसते, टॉप या कमांडमध्ये सगळं आलबेल असतं, पण कंटेनरच्या मर्यादेत मोजली जाणारी मेमरी हलत नाही. मेमरी कुठे जाते ते शोधण्यासाठी नावं द्यायची आणि त्या नावांपायीच मेमरी अडकून बसायची, हे मला फार खुपलं.

यावर उपाय नाही असं नाही. 'डोंटनीड'च्या जागी 'रिमूव्ह' वापरता येतं, किंवा एफअ‍ॅलोकेट या कॉलने फाईलला भोक पाडता येतं, म्हणजे तिचा मधला भाग मोकळा करता येतो. पण त्यासाठी अ‍ॅलोकेटरच्या आत हात घालावा लागतो, आणि तो दुसऱ्याने लिहिलेला असेल तर अवघडच. मेमएफडी खाजगी मॅप केला तर? मग पहिल्या लिखाणाच्या वेळी फाईलचं एक पान तयार होतं आणि त्याची खाजगी प्रतही तयार होते. एका पानाच्या जागी दोन. शेअर्ड ठेवला तर फोर्कनंतर (प्रोसेसने स्वतःची प्रत काढल्यावर) आई आणि मूल प्रोसेस एकाच पानावर लिहितात. शिवाय ह्यूज पेजेसची (नेहमीपेक्षा मोठ्या पानांची) सेटिंग शेअर्ड मेमरीसाठी वेगळी असते, तीही तपासावी लागते. एवढं सगळं एका नावासाठी सोसायचं, हे मला तरी पटत नाही.

पीआरसीटीएललाही एक काटा आहे, आणि तो आधीच माहीत असलेला बरा. शेजारशेजारची, सारख्या परवानग्यांची मॅपिंग कर्नेल एकत्र करतो, पण नावं वेगळी असतील तर करत नाही. प्रत्येक बफरला क्रमांकासकट वेगळं नाव दिलं, तर व्हीएमएंची संख्या भराभर वाढते, आणि एका प्रोसेसला मिळणारी मूळ मर्यादा ६५,५३० आहे. म्हणून मी नाव कामावरून देतो, नगावरून नाही: 'कॅश', 'नेट-बफर', 'इंडेक्स', एवढंच. तसंही स्मॅप्स फाईलमधले (प्रत्येक मॅपिंग किती मेमरी खातं ते सांगणारे) आकडे नावानुसार बेरीज करूनच वाचायचे असतात, त्याला इतकं पुरतं. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. त्याच पत्त्यावर नव्याने एममॅप केलं की जुनं नाव जातं, ते पुन्हा द्यावं लागतं.

एका ठिकाणी मात्र मेमएफडी निर्विवाद पुढे आहे: क्रॅशनंतर. कोअर फाईलमध्ये (क्रॅशच्या वेळी साठवलेल्या प्रोसेसच्या मेमरीच्या प्रतीत) फाईलवर आधारलेल्या मॅपिंगची यादी नावांसकट येते, त्यात मेमएफडीचं नाव सापडतं. शेजारी 'डिलीटेड' लिहिलेलं दिसेल, त्याने दचकू नका, ते तसंच येतं. पीआरसीटीएलची नावं कोअरमध्ये उतरत नाहीत. तुमचं बहुतेक डीबगिंग बंद पडलेल्या प्रोसेसचं असेल, तर माझ्या मताला थोडं कमी वजन द्या. मेमरी दोन प्रोसेसमध्ये वाटायचीच असेल, तर प्रश्नच नाही, मेमएफडी घ्या. ती तिथे आधीच शेअर्ड असते, नाव फुकटात मिळतं.

पण चालू प्रोसेसमधल्या खाजगी मेमरीचा हिशोब लावायचा असेल, तर मी पीआरसीटीएलच सुचवेन. नाव लावा, बदला, काढून टाका. खालची मेमरी होती तशीच वागते. अजून मन होत नसेल तर एक बिनखर्चाची चाचणी करून बघा. ग्लिबसी (लिनक्सवरची सी भाषेची मूळ लायब्ररी) २.३९ किंवा त्यापुढची असेल, तर 'डेकोरेट_मॅप्स' हा ट्यूनेबल (बाहेरून बदलता येणारी तिची सेटिंग) १ करून प्रोग्रॅम चालवा. ग्लिबसी स्वतःच पीआरसीटीएल वापरून मॅलॉकच्या (तिच्या स्वतःच्या अ‍ॅलोकेटरच्या) आणि थ्रेड स्टॅकच्या मॅपिंगना नावं देते, कोडची एकही ओळ न बदलता. त्यानंतरही ज्या मोठ्या ओळी बिननावाच्या उरतील, त्यांच्यापासून सुरुवात करा.