जुळ्या गीर कालवडींच्या नावाखाली साधी वीर्याची कांडी

काटोल तालुक्यातल्या आमच्या गावात गेल्या वर्षी एक जण भ्रूण प्रत्यारोपण, म्हणजे दुसऱ्या गाईचं भ्रूण आपल्या गाईच्या पोटात सोडणं, करून देतो म्हणत फिरत होता. गळ्यात ओळखपत्र, मोटारसायकलला नायट्रोजनचं कंटेनर. तुमच्या जर्सी संकरित गाईच्या गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांत (दोन्ही बाजूंच्या फाट्यांत) एकेक गीर भ्रूण सोडतो, एका वेतात दोन शुद्ध गीर कालवडी, हमखास. गाईमागे १८,००० रुपये, निम्मे आधी. आम्ही दिले, शेजारच्या काकांनीही दिले.

माज दिसला की फोन करा, म्हणाला. फोन केला तसा संध्याकाळी आला, कांडी कोमट पाण्यात धरली, हात घातला, पाच मिनिटांत मोकळा. लबाडी इथंच होती. भ्रूण माजाच्या दिवशी सोडतच नाहीत. माजानंतर साधारण सातव्या दिवशी सोडतात, तेही आधी बीजांडकोशावर पीतपिंड (माजानंतर तयार होणारी, गर्भ टिकवणारी पिवळी गाठ) आहे का आणि कोणत्या बाजूला, हे तपासून. माजावर भरतात ती वीर्याची कांडी, जी सरकारी दवाखान्यात थोडक्या पैशांत भरून मिळते. तीन आठवड्यांनी पुन्हा आला, हात घालून "जुळं आहे भाऊ" म्हणाला आणि उरलेले पैसे घेऊन गेला. इतक्या लवकर हाताला काही लागत नाही, सोनोग्राफीलाही चारेक आठवडे जावे लागतात.

सगळ्या गाईंना एकेकच वासरू झालं. आमच्या कपिलेला गोऱ्हा: कान आखूड आणि आडवे, कपाळ बसकं, त्यावर आईसारखाच पांढरा टिकला. गीरचं कपाळ फुगीर असतं, कान लांब, लोंबते, टोकाशी मुडपलेले. फोनवर उत्तर मिळालं, "आईच्या पोटात वाढलं की तिचं रक्त उतरतेच." साफ खोटं! वासराची जात भ्रूणाच्या आईबापावरून ठरते, पोटात सांभाळणाऱ्या गाईवरून नाही.

आणि जुळं खरंच झालं असतं तरी? मांसासाठी गाई पाळणाऱ्या देशांत असे प्रयोग झाले, कारण तिथं दोन्ही वासरं वजनावर विकली जातात. आपल्याला कालवड पुढं गाभण राहायला हवी. जोडीला गोऱ्हा असला, तर दहातल्या नऊ कालवडी वांझ निघतात. शिवाय वार (झार) अडकणं, वासरं वेळेआधी येणं, हा सगळा जाच गाईला. दुधावर घर चालवणाऱ्याला असलं स्वप्न विकणं याचा मला फार संताप येतो.

असा कुणी आला तर कोणत्या दिवशी सोडणार ते आधी विचारा, दाता गाय आणि वळू यांची नोंद लेखी मागा, आणि शंका आली तर नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जाऊन विचारा. आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. काटोल-सावनेर भागात कुणाकडे त्याच्या हातच्या पावत्या असतील तर फाडू नका, आपापल्या ठाण्यात दाखवा.