मुरघासाचं कल्चर: ऑक्टोबर ते मे वापरून काय दिसलं

मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवून टिकवलेला हिरवा चारा, कल्चरशिवायही होतो, म्हणजे आंबवणाऱ्या जिवंत जीवाणूंचं पाकीट न घालताही. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुकानात नेमकं याच्या उलट सांगतात. वेळेवर कापलेला मका, बारीक कुट्टी, दाबून भरलेला बंकर (मुरघासाचा भिंतींचा हौद) आणि वरून हवाबंद कागद एवढं जमलं की महिन्याभरात सामू (पीएच, जितका कमी तितका माल आंबट) चारच्या आसपास येतो. मक्यात साखर भरपूर असते आणि आंबवणारे जीवाणू पानांवर मुळातच बसलेले असतात. मग टनामागे शे-दीडशे रुपये कशाला घालायचे? मी गेल्या ऑक्टोबरात घातले, मे महिन्यापर्यंत तो मुरघास गाईंना घातला, आणि यंदाही घालणार आहे. पण कारण दुकानदार सांगतो ते नाही.

आमचं गाव फलटण तालुक्यात. दुभत्या बारा एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई, गाईला रोज साधारण 20 किलो मुरघास, म्हणजे दिवसाला 240 किलो. बंकर 20 फूट लांब, 10 फूट रुंद, साडेसहा फूट उंच, त्यात 24 टनांच्या आसपास माल बसतो. आता हिशेब बघा. हा बंकर शंभर दिवस पुरतो, म्हणजे उघड्या तोंडाकडून आपण रोज जेमतेम अडीच इंच आत सरकतो. जाणकार सांगतात की थंडीतसुद्धा रोज किमान अर्धा फूट कापला पाहिजे आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. चाळीस गाईंच्या गोठ्याला ते जमतं. आपल्यासारख्यांचा मुरघास मात्र कापला जाण्याआधी कित्येक दिवस हवा खात असतो. खरी नासाडी तिथेच होते, भरताना नाही.

आदल्या वर्षीच्या बंकरमध्ये सकाळी मनगटापर्यंत हात घातला की चटका बसायचा, आणि डिसेंबरच्या थंडीत तोंडातून वाफ निघताना दिसायची. आत झोपलेले यीस्ट हवा लागताच जागे होतात आणि लॅक्टिक आम्लच खाऊ लागतात. माल तापतो, सामू चढतो, मग बुरशीला मोकळं रान. लॅक्टिक आम्लाने मुरघास लवकर आंबट होतो, पण यीस्टला ते फारसं आवरत नाही. यीस्टला आवरतं ते ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं.

म्हणून पाकिटात कोणता जीवाणू आहे हे बघणं आलं. साधारण दोन प्रकार मिळतात. प्लांटारम, पेडिओकोकस, एंटेरोकोकस ही मंडळी भराभर लॅक्टिक आम्ल करतात आणि सामू पटकन खाली आणतात. दुसरा बुकनेरी. तो सावकाश, लॅक्टिक आम्लाचा काही भाग ॲसेटिकमध्ये बदलतो आणि उघडल्यावर माल थंड ठेवतो. त्याला काम करायला 45 ते 60 दिवस लागतात. तीन आठवड्यांत बंकर उघडणार असाल तर बुकनेरीचे पैसे वाया. 2020 मध्ये या जीवाणूंची शास्त्रीय नावं बदलली, त्यामुळे पाकिटावर लॅक्टोबॅसिलसऐवजी लेंटिलॅक्टोबॅसिलस दिसेल. पुढचा बुकनेरी शब्द असला की झालं. मी दोन्ही एकत्र असलेलं घेतलं.

दुकानदार 'दुधाला विरजण तसं चाऱ्याला कल्चर' म्हणून खपवतो. ऐकायला बरं वाटतं, पण विरजण आपण तापवून निवलेल्या दुधाला लावतो, तिथे त्याच्याशी भांडायला फारसं कोणी नसतं. कुट्टीवर आधीच लाखोंची गर्दी असते. त्यामुळे आपले जीवाणू संख्येने भारी पडले पाहिजेत. नेहमीची मात्रा म्हणजे ग्रॅमभर हिरव्या चाऱ्याला किमान एक लाख जिवंत जीवाणू, आणि मक्यात बुकनेरीसाठी चार लाखांपर्यंत. एका टनात दहा लाख ग्रॅम, म्हणजे टनाला किमान दहा हजार कोटी. आता पाकीट उलटून बघा. ग्रॅमला एक कोटी सीएफयू (म्हणजे जिवंत जीवाणूंची मोजणी) आणि टनाला 100 ग्रॅम वापरा असं लिहिलं असेल, तर टनाला शंभर कोटीच पडले, गरजेचा शंभरावा हिस्सा! मला एकाने असलंच पाकीट स्वस्त म्हणून दाखवलं होतं. दुसऱ्यावर तर सीएफयूचा आकडाच नव्हता, नुसता गाईचा फोटो. असली पाकिटं फुकट दिली तरी घेऊ नका.

आणि जीवाणू जिवंत हवेत. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या दुकानात फळीवर महिनोन्महिने पडलेलं पाकीट घेऊ नका. लसी फ्रिजमध्ये ठेवणारा पशुवैद्यकीय औषधांचा दुकानदार गाठा, घरी आणल्यावरही फ्रिजमध्येच ठेवा. पाणी बोअरचं किंवा विहिरीचं घ्या. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकलेलं असतं, ते जीवाणू मारायलाच असतं, आपले आणि परके असा भेद ते करत नाही. कालवलेलं पाणी सावलीत ठेवायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. फवारायला पाठीवरचा पंप चालतो, पण तणनाशकाचा नको. मी त्यासाठी वेगळा ठेवलाय. टनाला दोन लिटर पाणी धरून कुट्टी मशीनच्या नळीतून माल पडतो तिथेच एक माणूस फवारत उभा केला. थर भरून झाल्यावर वरून शिंपडलं तर ते खालपर्यंत पोचत नाही, आणि जीवाणूंना पाय नसतात.

आता निकाल. आदल्या वर्षीच्या बंकरशी तुलना करून कल्चरचे गोडवे गाणं सोपं होतं, पण तेव्हाचा मका वेगळा, पाऊस वेगळा. म्हणून त्याच शेतातल्या, त्याच दिवशीच्या कुट्टीच्या एक टनी बॅगा अर्ध्या कल्चर घालून आणि अर्ध्या तशाच भरून ठेवल्या होत्या. एप्रिलमध्ये दोन्हींतली एकेक उघडली. सामूच्या कागदावर फरक नाही, दोन्ही चारच्या आसपास. रंग सारखाच पिवळसर तपकिरी. वासात थोडा फरक: साध्या बॅगेला आंबूस-गोड, कल्चरवालीला किंचित व्हिनेगरचा झोंबरा. इथेच थांबलो असतो तर म्हणालो असतो, पैसे पाण्यात.

मग दोन्हींतला माल बादल्यांत सैल भरून गोठ्याच्या सावलीत ठेवला आणि दुधाचा थर्मामीटर खुपसला. साधी बादली दुसऱ्याच दिवशी तापायला लागली, तिसऱ्या दिवशी ताडीसारखा वास आणि कडेला पांढरं जाळं. कल्चरवाली चौथ्या दिवसापर्यंत हवेइतकीच होती, पाचव्याला जराशी कोमट झाली. एप्रिलच्या फलटणमध्ये, बाहेर चाळिशी असताना! बंकरमध्येही तेच दिसलं. मार्चपर्यंत तोंडाला हात लावला तर गार, मे महिन्यात थोडं कोमट, पण चटका नाही.

दूध वाढलं का? हा प्रश्न सगळे विचारतात. माझं उत्तर असं की कल्चरमुळे वाढलं असं छातीठोक सांगता येत नाही, कारण उन्हाळ्यात गोठा गार ठेवायला फॉगर (पाण्याच्या धुक्याचे फवारे) पण बसवले. दुधाचं फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि बाकीचे घन पदार्थ, टक्क्यांत) 3.5-8.5 च्या वर टिकलं, पण ते आधीही टिकायचं. दिसलेला बदल गव्हाणीतला. गव्हाणी झाडायचं काम आईकडे. आदल्या उन्हाळ्यात ती रोज पाटीभर उष्टं उकिरड्यावर टाकायची, काळपट, गरम. यंदा एप्रिलमध्ये म्हणाली, "उकिरड्यावर टाकायला काय ठेवतच न्हाईत गाई." पाटीत दहा-बारा किलो धरले तरी महिन्याला तीन-साडेतीन क्विंटल मुरघास वाचला. वर बंकरच्या तोंडावरची जी तपकिरी पट्टी कापून फेकावी लागायची, तीही राहिली नाही. माझ्या हिशेबात कल्चरचे पैसे तेवढ्यात निघतात.

शेजारच्या तात्यांच्या तीन गाई. त्यांची एक टनाची बॅग वीस-बावीस दिवस चालते. त्यांना कल्चर माझ्यापेक्षा जास्त गरजेचं. उलट माझी बॅग चार दिवसांत संपते, तिला कल्चर घालणं उगाच. हे उलटं वाटतं, मोठ्या गोठ्यानेच कल्चर वापरावं असं लोक धरून चालतात. पण किती दिवस उघडा राहतो यावर सगळं आहे.

लसूण घासाची गोष्ट निराळी. पावसाळ्यात वाळवता येत नाही म्हणून थोडा मुरवून पाहिला. घासात साखर कमी आणि सामू खाली उतरू न देण्याची ताकद जास्त, त्यामुळे तिथे झटपट लॅक्टिक करणारे जीवाणू खरोखर कामाचे. कापून थोडा सुकवला, मग कुट्टी करून कल्चर मारलं, तो हिरवट-तपकिरी आणि आंबूस निघाला. कल्चर न घातलेल्या पिशवीतला चिकट, आणि वास असा की हात धुऊनही जेवताना येत होता. तो खताला गेला. घासाला गुळाचं पाणीही समजू शकतो. मक्याला मात्र गूळ कशाला घालतात हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. मक्याची साखर मक्याला पुरते, वरचा गूळ यीस्टच्या तोंडी जातो.

कल्चरने काय होत नाही तेही ऐका. बंकरच्या वरच्या कोपऱ्यांत, जिथे ट्रॅक्टरचं चाक पोचलं नव्हतं, तिथे यंदाही वीतभर बुरशी होती. ती काढून टाकावीच लागते. बुरशीने केलेलं विष कल्चर पुसत नाही, आणि अफलाटॉक्सिन खाल्लं की ते दुधात उतरतं. ओला, चिकातला मका कापला तर तळाशी पाणी सुटतं, त्यालाही कल्चर औषध नाही. दाण्यावरची दुधाची रेघ (दाण्याचा घट्ट झालेला आणि अजून दुधाळ असलेला भाग यांमधली सीमा) अर्ध्यावर येऊ द्या, कुट्टी मुठीत दाबून सोडली की गोळा हळूहळू उलगडला पाहिजे आणि हात ओला होता कामा नये.

यंदा बंकरच्या मधोमध लांबीच्या बाजूने भिंत घालतोय. पाच-पाच फुटांचे दोन बंकर झाले की रोज पाच इंच कापला जाईल, म्हणजे अर्ध्या फुटाच्या जवळ. गवंडी ठरलाय. दोन्हींत बुकनेरीवालंच कल्चर घालणार, कारण उन्हाळ्यात अर्धा फूटही कमीच पडतो. बॅगांना या वेळी काही नाही.