'पंक आहे, आवाज असाच असतो' असं म्हणून गळ्यात मारलेली रेकॉर्ड

पंक, म्हणजे 1970 च्या दशकातलं वेगवान, आक्रमक रॉक संगीत. त्याच्या दुर्मिळ सिंगल्स (एकेका बाजूला एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्ड) ऑनलाइन घेत असाल तर एक वाक्य कानावर पडताच सावध व्हा : "रॉ रेकॉर्डिंग आहे हो, आवाज असाच येणार." मला बनावट रेकॉर्ड विकणाऱ्यानं व्यवहाराआधी हेच सांगितलं आणि तक्रार केल्यावरही हेच ऐकवलं.

रेकॉर्ड होती डेट्रॉइटच्या 'डेथ' या बँडची 1976 सालची सात इंची सिंगल. एका बाजूला 'पॉलिटिशियन्स इन माय आईज', दुसऱ्या बाजूला 'कीप ऑन नॉकिंग'. डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी हे तिघे सख्खे भाऊ, कृष्णवर्णीय, सोल संगीतासाठी प्रसिद्ध मोटाउन कंपनीच्या शहरातले. त्यांच्याकडून सोल संगीताची अपेक्षा होती आणि हे वाजवत होते पिसाटलेल्या वेगाचा रॉक, तोही लंडनमध्ये पंकचा गाजावाजा व्हायच्या आधी. क्लाइव्ह डेव्हिस यांच्यासारख्या रेकॉर्ड कंपन्यांतल्या बड्या माणसाला गाणी पसंत पडली, पण बँडचं नाव खटकलं. ते बदला म्हटल्यावर डेव्हिड हॅकनीनं साफ नकार दिला. शेवटी भावांनी 'ट्रायअँगल' या स्वतःच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीतर्फे 500 प्रती काढल्या. त्यांची फारशी कुणी दखल घेतली नाही. डेव्हिड 2000 साली गेला. 2009 मध्ये ड्रॅग सिटी या कंपनीनं जपून ठेवलेल्या मूळ टेपवरून सात गाण्यांचा अल्बम काढला, तेव्हा कुठे लोकांना कळलं की आपण काय हुकवलं होतं.

हा इतिहास इथे सांगायचं कारण म्हणजे विक्रेत्यानं मला तो असाच्या असा सांगितला होता, एकही चूक न करता. साल बरोबर, प्रतींचा आकडा बरोबर, भावांची नावं बरोबर. या धंद्यातली मेख हीच आहे. खऱ्या माहितीच्या नऊ गोष्टींमध्ये दहावी हळूच सरकवतात : एका जुन्या रेडिओवाल्याच्या घरातलं सामान निघालं, त्यात ही एक प्रत होती. पहिल्या नऊ तपासता येतात, त्या खऱ्या निघतात, आणि दहावीला फुकटात विश्वास मिळतो. शिवाय 500 प्रतींची रेकॉर्ड म्हटल्यावर शेजारी ठेवून ताडून बघायला दुसरी प्रत कुणाकडे असणार?

फोटो स्वच्छ होते. पैसे मात्र ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेतल्या 'मित्र-नातेवाईकांना पाठवा' या पर्यायातून मागितले, कमिशन वाचतं म्हणून. त्या पर्यायात खरेदीदाराला कसलंही संरक्षण नसतं. कमिशन त्याचं वाचतं, दाद मागायचा हक्क आपला जातो.

रेकॉर्ड आली, सुई ठेवली. गाणं तेच, पण सगळं गोधडीखालून ऐकू आल्यासारखं. डॅनिसच्या झांजांचा नुसता फुसफुसाट. बॉबीचा बास आणि डेव्हिडची गिटार एकमेकांत मिसळून एकच गरगट. विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं : गॅरेज बँड होता, पंक आहे, शास्त्रीय मैफल नाही.

इथेच तो उघडा पडला. ही गाणी गॅरेजात झालेली नाहीत. ती 1975 मध्ये डेट्रॉइटच्या युनायटेड साउंड सिस्टिम्समध्ये ध्वनिमुद्रित झाली. ब्लूज गायक जॉन ली हूकरनं 1948 मध्ये जिथे ध्वनिमुद्रण केलं होतं तोच हा स्टुडिओ. ड्रॅग सिटीच्या अल्बमवर हीच दोन्ही गाणी ऐका, फरक लगेच कळतो. ड्रमचा फटका कोरडा आणि नेमका बसतो, गिटार कानाला कापत जाते, बॉबीचा आवाज फाटतो तेव्हा तो कुठे फाटला हे ऐकू येतं. या संगीताचा कच्चेपणा वाजवण्यात आहे, ध्वनिमुद्रणात नाही. तिघं एकमेकांना ढकलत पुढे नेतात, कुणी कुणासाठी थांबत नाही, आणि तरी तोल जात नाही. इतक्या वर्षांनी हे गाणं जुनं वाटत नाही ते या झोंबाझोंबीमुळे, आणि धुरकट आवाजात नेमकी तीच पहिल्यांदा मरते. 'रॉ' म्हणजे 'अस्पष्ट' असं आपल्याला कुणी तरी पढवून ठेवलंय आणि नकली माल विकणारे त्याच समजुतीवर पोट भरतात.

तरीही संशय आणि पुरावा यांत अंतर असतं. पुरावा दिला एका टिकटिकीनं. गाण्याच्या सुरुवातीलाच ठरावीक ठिकाणी टक् टक् असा आवाज येत होता, ओरखडा असल्यावर येतो तसा. रेकॉर्ड धुतली, पुसली, आवाज जागचा हलेना. मग तिरका टॉर्च मारून भिंगातून त्या भागातल्या खाचा पाहिल्या. ओरखडा नव्हताच. पृष्ठभाग नवा कोरा. म्हणजे कुणी तरी मूळ जुनी प्रत वाजवून, तिच्या ओरखड्यासकट आवाज उतरवून, त्यावरून ही नवी रेकॉर्ड छापली होती. ओरखडा खरा होता, फक्त दुसऱ्याच रेकॉर्डवरचा.

रेकॉर्डच्या मधोमध चिकटवलेल्या गोल कागदी लेबलनं उरलीसुरली शंका फेडली. वापरलेल्या रेकॉर्डच्या मधल्या भोकाभोवती बारीक रेघा पडतात, टर्नटेबलची खुंटी शोधताना घासून. या लेबलवरही त्या होत्या. बोट फिरवलं तर गुळगुळीत! रेघा छापलेल्या होत्या. जुन्या लेबलचा स्कॅन करताना त्याची झीजही सोबत आली होती. भिंगाखाली अक्षरांच्या कडा रंगीत ठिपक्यांच्या दिसल्या. थेट एका शाईत छापलेलं अक्षर भरीव दिसतं.

बेकायदा प्रत म्हणजे सरसकट पाप, असं मी म्हणत नाही. विस्मृतीत गेलेल्या कितीतरी पंक सिंगल्स लोकांपर्यंत पोहोचल्या त्या 1980 च्या दशकाअखेरीस सुरू झालेल्या 'किल्ड बाय डेथ'सारख्या (हे संकलनाचं नाव, 'डेथ' बँडशी संबंध नाही) विनापरवाना संकलनांमुळे. ती संकलनं मूळ प्रत असल्याचा आव आणत नव्हती. फसवणूक सुरू होते ती साल खोटं सांगून पैसे घेतले की.

कधी कधी तर नकली छापायचीही गरज पडत नाही. बझकॉक्स या इंग्लिश पंक बँडचं 'स्पायरल स्क्रॅच' 1977 सालच्या जानेवारीत आलं आणि 1979 मध्ये पुन्हा निघालं. पुनर्मुद्रणाच्या कव्हरवर 'विथ हॉवर्ड डिव्होटो' असं, म्हणजे बँडच्या पहिल्या गायकाचं नाव, जोडलेलं आहे. ते शब्द दिसत असतील आणि पहिल्या छपाईचा भाव सांगितला जात असेल, तर तिथेच व्यवहार सोडा.

तक्रारीनंतरचा खेळही ओळखून ठेवा. आधी 'तुमची सुई तपासा', मग 'अर्धे पैसे देतो', मग 'घरी आजारपण आहे, पुढच्या आठवड्यात'. हे सगळं विक्रीच्या साइटवरच्या तक्रारीची मुदत उलटेपर्यंत चालतं. मुदत संपली आणि खातं गायब झालं. माझे पैसे आले नाहीत. पुढे तेच फोटो दुसऱ्या नावाच्या खात्यावर दिसले, रेडिओवाल्याच्या जागी या खेपेला एका काकांचं तळघर होतं.

घ्यायचीच असेल तर विक्रेत्याकडे रेकॉर्डशेजारी आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो मागा, आणि गाणं संपल्यावरच्या मोकळ्या पट्टीवर कोरलेल्या अक्षरांचा तिरक्या उजेडातला फोटो. जाहिरातीतले फोटो इंटरनेटवर फोटोवरूनच शोधून पाहा, दुसऱ्याच कुणाच्या जुन्या लिलावातले निघू शकतात. रेकॉर्ड हातात आल्या दिवशीच संपूर्ण वाजवा आणि मुदत संपायच्या आत लेखी तक्रार टाका, समोरचा कितीही गोड बोलत असला तरी. पाकीट आणि त्यावरची चिकटपट्टी फेकू नका. पाठवणाऱ्याचा पत्ता त्यावरच असतो. 'परत पाठवा' म्हणाला तर ट्रॅकिंग क्रमांकाशिवाय पाठवू नका, कारण तीच प्रत पुढच्या गिऱ्हाइकाला विकली जाते.